उचल : कर्ज की कमाई?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

माणसाच्या हाती पैसा आला की दोन प्रश्न उभे राहतात. एक, किती आला? दुसरा, कोणाचा आला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोटा मोजून मिळते. दुसऱ्याचे तसे मिळत नाही. बँकेकडून कर्जाऊ घेतलेले दहा हजार आणि महिनाभर राबून मिळवलेले दहा हजार यांच्या नोटा सारख्याच असतात, बाजारात त्यांचे मोलही सारखेच. तरीही पहिले दहा हजार कर्ज आहे आणि दुसरे कमाई. कमाई ठराविक मर्यादेपलीकडे गेली तर सरकार तिच्यावर कर मागते. कर्जावर मागत नाही, कारण कर्ज घेतल्याने माणूस श्रीमंत होत नाही. जितका पैसा हाती येतो तितकेच देणे डोक्यावर बसते.

इतके सोपे असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारणच नव्हते. परंतु व्यवहारात असा पुष्कळ पैसा असतो की देणारा त्याला एक नाव देतो, घेणारा दुसरे देतो आणि न्यायालय तिसरेच ठरवते. आपल्या जिल्ह्यात तर या घोटाळ्याला एक शब्दच आहे, तो म्हणजे 'उचल'. ऊस घालणारा बागायतदार 'पहिली उचल' घेतो आणि ऊस तोडणारा मजूरही 'उचल' घेतो. शब्द एक, कारखाना एक आणि ऊसही एकच. पण बागायतदाराच्या उचलीला कोणी कर्ज म्हणत नाही आणि मजुराच्या उचलीला कर्जावाचून दुसरे काही म्हणत नाहीत. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कायदा नाव पाहतो की स्वभाव?

आयकराच्या कायद्याने 'उत्पन्न' या शब्दाची सर्व बाजूंनी बंदिस्त अशी व्याख्या कधीच केली नाही. १९६१ च्या कायद्यात उत्पन्नात काय काय येते याची यादी होती. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू करावयाच्या नव्या कायद्यातही पद्धत तीच आहे. यादीत न बसणाऱ्या रकमेचे काय करायचे हे न्यायालयांनी वेळोवेळी ठरवले. त्यातून जे तत्त्व निघाले ते असे की, रकमेला वहीत काय नाव दिले आहे हे निर्णायक नाही. ती हाती आली त्या वेळी परत करण्याचे खरे बंधन होते की नव्हते, हे पाहावयाचे.

या तत्त्वाची एक चांगली कसोटी अमेरिकेत लागली. एका कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्याने सात लाख अडतीस हजार डॉलरहून अधिक रकमेचा अपहार केला. त्याच्यावर कर बुडवल्याचाही खटला झाला. बचाव असा होता की, चोरलेला पैसा कायद्याने परत करावाच लागतो, म्हणजे ते देणेच झाले आणि देण्यावर कर कसला? १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असाच युक्तिवाद मान्य केला होता. १९६१ साली 'जेम्स विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या खटल्यात त्याच न्यायालयाने आपले मत फिरवले. कर्ज होण्यासाठी देणारा आणि घेणारा दोघांनीही परतफेडीचे बंधन मान्य केलेले असावे लागते. चोराने मनात किंवा कायद्याने त्याच्यावर लादलेले बंधन पुरेसे नाही. म्हणून चोरीचा पैसाही उत्पन्नच ठरला. थोडक्यात, कर्जाला दोन्ही बाजूंची संमती लागते.

आपल्याकडील एक निवाडा मुंबईच्या महिंद्र कंपनीचा आहे. कंपनीने १९६४ मध्ये अमेरिकेतील कैसर जीप कंपनीकडून यंत्रसामग्री घेतली आणि तिच्या किमतीसाठी त्याच कंपनीने कर्ज दिले. पुढे कैसर जीप दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि त्या नव्या मालकाने कर्जाची मुद्दल रक्कम सोडून दिली. सत्तावन्न लाखांहून अधिक रुपये माफ झाले, म्हणजे तेवढे उत्पन्न झाले, असे आयकर खाते म्हणत होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. भांडवली वस्तूसाठी घेतलेले ते खरेखुरे कर्ज होते. ते सुटले म्हणून त्या कलमांखाली त्याचे उत्पन्न होत नाही, असे ठरले.

याच्या उलट बाजूचा निवाडा १९९६ चा, दक्षिणेतील टी. व्ही. सुंदरम अय्यंगार या पेढीचा. गिऱ्हाइकांच्या ठेवींच्या काही रकमा वर्षानुवर्षे कोणी मागितल्या नाहीत, म्हणून पेढीने त्या आपल्या नफ्यात ओढून घेतल्या. येताना ती देणी होती हे खरे. परंतु व्यापारात आलेला पैसा पेढीनेच आपला मानला, तेव्हा तो उत्पन्न झाला, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे काही वेळा काळ जातो तसा पैशाचा स्वभावही बदलतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मजुराच्या उचलीकडे वळू तेव्हा त्याची गरज पडेल.

कपात झालेली ठेव : शेतकऱ्याची की कारखान्याची?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभा केला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पुढे जिल्ह्यात आणि राज्यभर या नमुन्यावर कारखाने निघाले. अशा कारखान्याला भांडवल कोठून यावे? काही सरकारने दिले, काही वित्तसंस्थांनी कर्जाऊ दिले आणि काही सभासदांच्या ऊसबिलातून कापून घेण्यात आले. बिलाच्या पावतीवर 'परतीची ठेव' आणि 'बिनपरतीची ठेव' असे दोन रकाने असत. जुन्या शेतकऱ्यांना ते चांगले आठवतात.

'बिनपरतीची ठेव' हा शब्दच पाहा. ठेव म्हणजे जी परत द्यायची ती. बिनपरतीची म्हणजे जी परत द्यायची नाही ती. मग हे कारखान्याचे कर्ज म्हणायचे की उत्पन्न? हा प्रश्न केवळ शब्दांच्या खेळाचा नव्हता, त्यावर कारखान्यांचा लाखो रुपयांचा कर अवलंबून होता.

उत्तरेकडील बाजपूर सहकारी साखर कारखान्याच्या बाबतीत १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो कारखान्याच्या विरुद्ध. तेथे उसाच्या किमतीतून कापलेली रक्कम तोटा भरून काढण्याच्या आणि भांडवल फेडण्याच्या निधीत जात होती. न्यायालयाने म्हटले की, ठेव म्हणायचे तर ती ठेवणाऱ्याला केव्हातरी, काही अटींवर परत देण्याची जबाबदारी असली पाहिजे. जो पैसा आधी कारखान्याचा तोटा भरण्यास वापरता येतो, त्याला ठेव कसे म्हणावे? ती व्यापारातली जमा ठरली आणि कराला पात्र झाली.

महाराष्ट्रातील कारखान्यांचा प्रश्न सोलापूरच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००४ मध्ये निकाली निघाला. येथे न्यायालयाने कारखान्याचे उपविधी बारकाईने तपासले. कापलेल्या रकमा सभासदांच्या नावे राहत होत्या आणि पुढे त्यांचे भागांत रूपांतर व्हायचे होते. 'बिनपरतीची' असे नाव असले तरी सभासदाचा हक्क त्यावरून पुसला गेला नव्हता. म्हणून या ठेवी कारखान्याचे उत्पन्न नव्हेत, असे ठरले. बाजपूरचा निकाल येथे लागू पडला नाही, कारण तेथील नियम वेगळे होते.

या दोन निकालांत विसंगती नाही. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला गेला : पैसा ज्याचा होता त्याचा हक्क शिल्लक आहे काय? एकीकडे उत्तर नकारार्थी आले, दुसरीकडे होकारार्थी. दोन्हीकडे नाव बाजूला सारले गेले.

बागायतदाराची पहिली उचल

आता 'पहिली उचल' घेऊ. दर हंगामाच्या तोंडाशी पहिली उचल किती मिळणार यावरून आपल्याकडे मोर्चे निघतात, रस्ते अडवले जातात. ही उचल म्हणजे उसाच्या किमतीचा पहिला हप्ता. शेतकऱ्याने ऊस आधी दिलेला असतो आणि पैसा मागून येतो. माल गेला, किंमत यायची आहे, अशा अवस्थेत देणेकरी कारखाना असतो, शेतकरी नव्हे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तर ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावे, असे म्हटले आहे. हे व्याज प्रत्यक्षात किती शेतकऱ्यांच्या पदरात पडते हा वेगळा विषय आहे. पण कायद्याने बाजू कोणाची घेतली ते स्पष्ट आहे.

म्हणजे बागायतदाराची उचल ही निःसंशय कमाई आहे. ती शेतीची कमाई असल्यामुळे केंद्राच्या आयकरातून मुक्तही आहे. उलट तोच ऊस तोडणाऱ्याची मजुरी कायद्याच्या दृष्टीने शेतीउत्पन्न नव्हे, कारण जमीन त्याची नाही आणि पीकही त्याचे नाही. अर्थात त्याची वर्षाची कमाई करमर्यादेच्या कितीतरी खाली असल्यामुळे आयकर खाते त्याच्या दारात येत नाही. त्याच्या दारात येतो तो मुकादम.

टोळीची उचल

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या आपल्या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. पैशाचा प्रवाह असा असतो : कारखाना किंवा त्याच्या आधाराने बँक वाहतूक ठेकेदाराला पैसे देते, ठेकेदार मुकादमाला देतो, मुकादम मजुराला देतो. ठेकेदाराने बँकेकडून घेतलेली रक्कम हे कर्ज असते, त्यात शंका नाही. ठेकेदार बँकेला पैशाने परतफेड करतो. पण साखळीच्या शेवटच्या कडीशी पैशाची परतफेड नसते. मजूर पैशाने काही परत करत नाही. तो ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून परतफेड करतो. एकाच नोटेचे वरच्या टोकाला कर्ज असते आणि खालच्या टोकाला ती आगाऊ मजुरी होते.

आयकराच्या कायद्यात या दोहोंतील फरक नोकरदारांसाठी फार पूर्वीपासून स्पष्ट आहे. कारकुनाने पुढच्या महिन्यांचा पगार आगाऊ घेतला तर तो पगारच होय आणि हाती येईल त्या वर्षी त्याच्यावर कर बसतो. त्याच कारकुनाने मालकाकडून घरासाठी कर्ज घेऊन हप्ते ठरवले तर ते कर्ज होय आणि त्या रकमेवर पगार म्हणून कर नाही. कारकुनाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागू होत नाहीत. त्याला काय मिळाले हे कागदावर ठरलेले असते.

ऊसतोड मजुराच्या बाबतीत काय होते ते एका हिशेबाने पाहू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार होऊन तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. मुकादमाचे कमिशन वीस टक्के ठरले, ते वेगळे. उदाहरणादाखल समजा, एका जोडीने ८०,००० रुपये उचल घेतली. अलीकडे उचल याहून कमीही असते आणि लाखाच्या वरही जाते. जोडीने रोज सरासरी दोन टन ऊस तोडला तर दिवसाची मजुरी ७३२ रुपये. हंगाम शंभर दिवस चालला आणि त्यात आजारपणाने पाच दिवस 'खाडे' झाले, तर कामाचे दिवस ९५ आणि मजुरी ६९,५४० रुपये. खाड्याला दिवसाला ५०० रुपये कापले, २,५०० गेले. हंगामात पीठ-मीठ, दवाखाना यासाठी १०,००० रुपये खर्ची घेतली. तेव्हा फिटलेली रक्कम ५७,०४० आणि अंगावर उरलेली बाकी २२,९६० रुपये. पंचाण्णव दिवस पहाटेपासून राबून शेवटी देणेच उरते. ही बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते आणि मजूर पुन्हा त्याच मुकादमाचा होतो.

आता वाचकांच्या लक्षात येईल की या हिशेबात उचलीचा स्वभाव हंगामाच्या मध्येच बदलला. माझे आईवडील पाथर्डी तालुक्यातून टोळीबरोबर जातात. घरात लिहिता-वाचता येणारा मीच पहिला, म्हणून घरच्या हिशेबाची वही काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. पावसाळ्यात पैसे देताना मुकादम वडिलांना म्हणतात, "घ्या, तुमचीच मजुरी आहे, आगाऊ देतोय." पट्टा पडून टोळी गावी आली की तेच मुकादम म्हणतात, "माझं कर्ज कसं फेडता?" दोन्ही वाक्ये ते मनापासून बोलतात. पहिल्या वाक्याच्या वेळी उचल ही मजुरी असते, म्हणून तिला पावती नाही, कागदाची प्रत नाही, हप्ता नाही. दुसऱ्या वाक्याच्या वेळी ती कर्ज असते, म्हणून तिला तगादा आहे आणि काही ठिकाणी कोऱ्या मुद्रांकावरचा अंगठाही आहे.

या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. उचल ही कर्ज आहे की मजुरी यापेक्षा मोठा प्रश्न असा की, ती कधी काय आहे हे कोण ठरवतो? आज ते देणारा ठरवतो, आणि तेही दरवेळी स्वतःच्या सोयीने. हंगाम लवकर आटोपला, ऊस कमी निघाला, पावसाने फड बंद राहिले, तर त्यात मजुराचा दोष काय? आगाऊ मजुरी म्हणायची तर काम न पुरवल्याचा तोटा काम देणाऱ्याचा असायला हवा. कर्ज म्हणायचे तर मजुराने ते कोठेही काम करून पैशाने फेडावे, त्याला अमक्याच फडात जायला बांधता येणार नाही. येथे मजुरीचा तोटा आणि कर्जाचे ओझे ही दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

दुसरी बाजू

मुकादमाची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. मुकादमही बहुधा याच गावांतला, कालपरवापर्यंत कोयता धरणारा माणूस असतो. तो ठेकेदाराकडून लाखो रुपये स्वतःच्या नावावर घेतो. कधी एखादी जोडी दोन मुकादमांकडून उचल घेते आणि तिसऱ्याच कारखान्यावर निघून जाते. तेव्हा मुकादमाची जमीन किंवा गाडी विकली जाते. "उचल बुडवली" हे शब्द खेड्यात रोज ऐकू येतात आणि त्यातले सगळेच खोटे नसतात.

परंतु या तक्रारीचे मूळही तेच आहे. व्यवहार कर्जाचा की मजुरीचा हे कागदावर स्पष्ट नसल्यामुळे मुकादमालाही न्यायालयात जाता येत नाही. मग वसुली न्यायालयाबाहेर होते, आणि ती कशी होते हे आपल्या भागात सांगायला नको. संदिग्ध व्यवहारात दुबळा आधी मरतो हे खरे, पण त्याच्या वरचाही सुखी राहतो असे नाही.

आपल्याच जिल्ह्याचा जुना धडा

नावाआड दडलेला व्यवहार उघडा करण्याचा प्रयत्न आपल्या भागात नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन खते-रोखे जाळले. हे लोण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा या भागांतही पोचले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. शेतकऱ्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रोख्यावर जी रक्कम लिहिलेली असे ती शेतकऱ्याच्या हाती आलेली रक्कम नसे. जुने व्याज मुद्दलात घालून नवा रोखा होई आणि अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नसे.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. पुढच्या दुरुस्तीने विक्रीखताच्या आड गहाण दडले आहे काय हेही पाहता येऊ लागले. शिवाय ऋणको शेतकऱ्याला पैसे भरल्याची पावती आणि मागेल तर हिशेबाचे पासबुक मिळण्याची तरतूद त्यात होती. तो कायदा आता इतिहासजमा झाला आहे आणि त्याचे सर्वच परिणाम चांगले झाले असे अभ्यासक म्हणत नाहीत. सावकार कर्ज देण्यास बिचकू लागले ही त्याच्यावरची नेहमीची टीका आहे. तरी एक गोष्ट विचार करायला लावते. १८७९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या कर्जदार शेतकऱ्याला जे पासबुक मागता येत होते, ते त्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराच्या हाती आज सहसा नसते.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक पाऊल पडले. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे म्हटले की, आगाऊ घेतलेल्या पैशाच्या बदल्यात माणसाचे हिंडण्याफिरण्याचे किंवा दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले असेल तर ती वेठबिगारी होय, आणि तसल्या देण्याची परतफेड करण्याचे बंधन राहत नाही. १९८२ मध्ये दिल्लीतील एशियाड बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात गरजेपोटी करावे लागणारे कामही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमातील सक्तीच्या कामात मोडते. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ जोड्या उचल फेडून चार पैसे गाठीला बांधून येतात. त्यातून लग्ने झाली, घरावर पत्रे पडले, माझ्यासारख्यांच्या महाविद्यालयाच्या फिया भरल्या गेल्या. परंतु उचल आणि वेठ यांच्यामधली रेषा कोठे आहे हे पाहण्याची कसोटी कायद्याने दिलेली आहे, ती वापरली पाहिजे.

निष्कर्ष

येथवरच्या विवेचनातून तीन प्रश्नांची एक साधी कसोटी हाती येते. कोणतीही रक्कम हाती आली की विचारावे : एक, परत करण्याचे बंधन दोघांनीही त्याच वेळी मान्य केले होते काय? दोन, परतफेड पैशाने होणार की कामाने? तीन, परतफेड अपुरी राहिली तर तोटा कोणाचा? महिंद्र कंपनीच्या व्यवहारात परतफेड पैशाने ठरलेली होती, म्हणून ते कर्ज. सिद्धेश्वर कारखान्याच्या ठेवीत सभासदाचा हक्क जिवंत होता, म्हणून ते कारखान्याचे उत्पन्न नव्हे. बागायतदाराची पहिली उचल दिलेल्या मालाची किंमत आहे, म्हणून ती कमाई. आणि मजुराची उचल कामाने फिटते, म्हणून माझ्या मते ती मूलतः आगाऊ मजुरी आहे, कर्ज नव्हे. हंगामाच्या शेवटी उरलेल्या बाकीला सरसकट कर्ज म्हणण्यापूर्वी ती का उरली, हे विचारले गेले पाहिजे. मजूर कामावर आला नाही म्हणून उरली असेल तर ती त्याने द्यावी. काम मिळाले नाही म्हणून उरली असेल तर ती त्याच्या अंगावर टाकणे न्यायाचे नाही.

यासाठी फार मोठी क्रांती लागेल असे नाही. उचल देताना दोन प्रतींत कागद व्हावा आणि एक प्रत मजुराजवळ राहावी. रोजच्या टनांची चिठ्ठी जोडीच्या हाती पडावी. खाड्याचा दर आधी लिहिलेला असावा. नवरा आणि बायको दोघेही कोयता धरतात, तेव्हा कागदावर नाव दोघांचेही असावे. कारखान्यांच्या ठेवींसाठी देशातले मोठमोठे वकील वर्षानुवर्षे उपविधींचा एकेक शब्द तपासत बसले. तेवढी नाही तरी त्याच्या शतांश काळजी मजुराच्या उचलीच्या वाट्याला यावी, एवढीच अपेक्षा.

आपल्या महाविद्यालयात टोळीवर जाणाऱ्या घरांतील अनेक मुले-मुली शिकत आहेत. अर्थशास्त्राच्या तासाला आपण मजुरीचे सिद्धांत पाठ करतो. दिवाळीनंतर टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरी बसून एकच काम करावे. उचलीचा आकडा, तारीख आणि दर एका वहीत लिहावा, खाली आई आणि वडील दोघांचीही नावे लिहावीत, आणि शक्य झाल्यास मुकादमांचीही सही घ्यावी. त्या वहीत वर काय लिहायचे, 'कर्ज' की 'मजुरी', यावर घरात वाद झाला तरी चालेल. तो वाद आपल्या घरांत अजून झालेलाच नाही.